दोराचा अजगर

अजगर पाळावा असं माणसाला का वाटतं, हे मला अजून कळलेलं नाही. पण भिलाईत ते वाटत असे, आणि साथीसारखं वाटत असे. एकाला वाटलं की त्याच्या क्वार्टरच्या रांगेतल्या चौघांना वाटायचं. मग ही सगळी मंडळी संध्याकाळी आमच्या शेजारच्या क्वार्टरच्या फाटकाशी सायकली टेकवून उभी राहत आणि आत हाक मारत, "पांडेजी, हैं क्या?"

पांडेजी म्हणजे वऱ्हाडपांडे काका. मूळचे यवतमाळकडचे. एवढं आडनाव पोलाद कारखान्यात कुणाच्याच जिभेवर टिकेना, तेव्हा बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी अशा सगळ्यांनी एकमताने त्याचा पुढचा भाग कापून टाकला. त्यामुळे उत्तर प्रदेशातून आलेला प्रत्येक नवा माणूस त्यांना आपल्याकडचा समजून कोणता जिल्हा म्हणून विचारी. काका "यवतमाळ" सांगत आणि तो माणूस जरा वेळ विचार करून निघून जाई.

मी लग्न होऊन वर्ध्याहून भिलाईला आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे हे, म्हणजे श्रीधर, कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. क्वार्टरच्या मागच्या अंगणांमध्ये फक्त मेंदीचं कुंपण होतं. पहिल्याच सकाळी त्या कुंपणापलीकडे एक उंच, वाळका माणूस जमिनीवर उकिडवा बसून बसायचा लाकडी मोडा कलता करून त्याच्याखाली गोल आरशाने बघताना दिसला. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "सूनबाई का? बसाच्या आधी खालून पाहत जाय बाई. वरून सगळेच चांगले दिसते."

काका रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला रूळ समोर आला की त्याच्या कडेकडेने चालत जायचं, हात फिरवायचा, काठीला बांधलेल्या आरशातून त्याची खालची बाजू बघायची आणि कुठे बारीकशी रेघ दिसली की खडूने फुली मारायची. फुली पडली की रूळ बाजूला. नाही पडली की रूळ पुढे. चांगल्या रुळावर काका काहीच खूण करत नसत. मी एकदा विचारलं की काका, पास झाल्याची खूण कोणती? तर म्हणाले, "पास करणारा मी कोण बाई? रूळ पास होते गाडी गेल्यावर. मी फक्त नापास करतो."

हे काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की शर्टाच्या खिशात कायम खडू असे आणि खिशाचा कोपरा पांढरा. सुपेल्याच्या बाजारात वांगी देठाकडून नव्हे, बुडाकडून बघत. त्यांच्या मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा यजमान पोहे आणायला आत वळले आणि परत येऊन बघतात तर काका सोफ्याखाली. काकू म्हणायच्या, "माह्या लग्नात मले सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे. मी म्हटलं, चला, सुटली."

काकूंच्या दुःखाचा मोठा भाग मात्र मागच्या पडवीत जाळी लावून राहत होता. तिचं नाव चंपा. अजगर मादी, मी आले तेव्हा नऊ फूट. राजहऱ्याच्या खाणीतून लोखंडाचं कच्चं खनिज घेऊन येणाऱ्या वॅगनमध्ये ती कधीकाळी दोन हात लांबीची आली होती, जबड्याला फावड्याचा घाव लागलेला. वॅगन रिकामी करायला उलटतात, त्याच्या आधी ती कुणाला तरी दिसली आणि पांडेजींना बोलावणं गेलं. टाऊनशिपमध्ये कुणाच्या न्हाणीघरात साप निघाला की काकांनाच बोलावत. ते पोत्यात घालून त्याला लांब नाल्याकडे सोडून येत. चंपाला मात्र सोडता येईना. घाव भरला, पण जबडा वाकडा राहिला. शिकारीवर झेप घ्यायची तर नेम चुके. जंगलात ती उपाशी मेली असती. म्हणून दर पंधरा दिवसांनी काका लांब चिमट्यात धरून तिला भरवत. दुर्गच्या वनखात्याचा कागद त्यांनी करून घेतला होता. वर्षातून एकदा एक रेंजर येई, चंपाला बघे, काकूंचा चहा पिऊन जाई. आज हे असं चालणार नाही, आणि चालू नये हेच बरं. पण तेव्हा चाललं. चातुर्मासात कांदा-लसूण न शिवणाऱ्या काकूंच्या पडवीत महिन्यातून दोनदा कोंबडी येई आणि काकू तेवढा वेळ देवघरात तोंड फिरवून बसत.

तर चंपाला बघून लोकांना अजगराची हौस सुटे. फाटकाशी येऊन ते विचारत, नवीन माणसासाठी कोणता चांगला? छोटा घ्यावा की मोठा? नर की मादी? काका सगळं ऐकून घेत, आत जात आणि हातात एक मोठं वेटोळं घेऊन बाहेर येत.

"नए आदमी के लिए ये सबसे अच्छा."

तो दोर असे. क्रेनच्या कामातून बाद झालेला, मनगटाएवढा जाड, आठ फूट. गेटपासवर "रस्सी, बेकार, एक नग" असं लिहून काकांनी असे पाच-सहा बाहेर काढले होते. नियम असे की दोराला कडी असलेली लाकडी पेटी करायची. पेटीत पाण्याची वाटी ठेवायची, पाणी रोज सकाळी बदलायचं, दोर पितो की नाही हा प्रश्न विचारायचा नाही. थंडीत पेटी उन्हात, उन्हाळ्यात सावलीत. पंधरा दिवसांतून एकदा जेवणाचा दिवस मानायचा आणि त्यानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. आणि रोज वहीत तारीख घालून आज काय दिसलं ते लिहायचं. महिन्याभरात काका कधीतरी न सांगता तपासणीला येणार. पास झालात तर अजगराचं आणि वनखात्याच्या कागदाचं बघू.

मला हे फार विनोदी वाटलं. "काका, दोर पाळून अजगराबद्दल काय कळणार?" मी विचारलं.

"अजगर मले माहीतच आहे ना बाई. माणूस कळते."

माणसं खरंच कळत. सुपेल्यात ट्रक दुरुस्तीचं दुकान असलेले एक सरदारजी मोठ्या प्रेमाने दोर घेऊन गेले. सहाव्या दिवशी काका तिथे पोचले तर पेटी रिकामी. "सरदारजी, अजगर कहाँ है?" सरदारजींनी पान्हा खाली ठेवला, जरा खाकरले आणि म्हणाले, "जी, ज़रा टोचन में गया है." अजगर त्या वेळी एका बंद पडलेल्या ट्रकला बांधून पावर हाउस नावाच्या वस्तीच्या दिशेने ओढत निघाला होता. काकांनी त्यांच्या वहीत लिहिलं: सहाव्या दिवशी कामावर असताना मृत्यू. सरदारजींना याचं खरोखर वाईट वाटलं. संध्याकाळी ते दोर धुऊन घेऊन आले आणि माफी मागून गेले.

दुसरे एक साहेब. बंगल्यात राहणारे, काकांच्या वरचे, आणि काकांची शेवटची बढती ज्यांच्या टेबलावर होती असे. त्यांनी सागवानी पेटी करवली. काका तपासणीला गेले तेव्हा वाटी चकचकीत, वहीला कव्हर, अक्षर मोत्यासारखं. काकांनी वही उघडली. पहिल्या पानावर: अजगर आज प्रसन्न दिसले. पाचव्या दिवशी: अजगराने अर्धी पोळी खाल्ली. बाराव्या दिवशी: अजगराने साहेबांना ओळखले. हे सगळं बंगल्यावरचा अर्दली लिहीत होता, आणि बिचाऱ्याला वाटत होतं की रोज काहीतरी चांगलं घडायला हवं. काकांनी खिशातून खडू काढला आणि सागवानी पेटीवर फुली मारली, रुळावर मारत तशीच. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बढती आली नाही. ती त्या फुलीमुळे आली नाही की उगाचच, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि काकांनी तो विषय कधी काढला नाही.

मला मात्र त्यांनी एकदा कुंपणाजवळ सांगितलं होतं, "अजगर रोज काय करते? काहीच नाही करत. वेटोळं करून पडून राहते. मंग वहीत काय लिवाचं? काही नाही. तीस दिवस 'काही नाही' लिहिणारा माणूस पाह्यजे मले. लोकाले दम निघत नाही बाई. त्यायले तमाशा पाह्यजे."

आता आमच्या घरच्या दोराचं सांगते. श्रीधरनाही ती साथ लागली. त्यांनी दोर आणला, खपल्या उडालेल्या फळकुटांची पेटी केली, वही आणली, त्यावर लाल शाईने शीर्षक घातलं. नऊ दिवस अजगर व्यवस्थित पाळला गेला. दहाव्या दिवशी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. काका महिनाभरात आले नाहीत. ते येणार नाहीत असं धरून श्रीधर विसरूनच गेले. पेटी मागच्या पडवीत राहिली.

मला ती कोरडी वाटी बघवेना. इतकंच. सकाळी तुळशीला पाणी घालायचं, चिमण्यांच्या परळात घालायचं, त्यात अजून एक वाटी काय जड आहे? आणि वाटी भरली की वही समोर असे. मी तारीख घालून "काही नाही" लिहायला लागले. सकाळी सातला श्रीधर सायकलवरून गेले की दुपारपर्यंत माझ्याशी मराठी बोलायला घरात कुणी नसे. समोरच्या तेलुगू बाई आणि मी हिंदीत बोलायचो, आणि दोघींचीही हिंदी भाजी-दूध-कपडे यापलीकडे जात नसे. तर "काही नाही"च्या पुढे मी हळूहळू अजून एखादं वाक्य लिहायला लागले. काही नाही. आज आईचं पत्र आलं. काही नाही. वरण करपलं, ह्यांना सांगितलं नाही. काही नाही. रडू आलं, कशाने ते कळलं नाही. दोराला कुठे वाचता येत होतं? माहेरी गेले तेव्हा परत येऊन लिहिलं: अकरा दिवस वर्ध्याला. पाणी श्रीधरने घातले, असे ते म्हणतात.

अशी तीन वर्षं गेली. वह्या चार झाल्या.

आणि काकांची रिटायरमेंट आली. तीन महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं. मुलगा नागपूरला बँकेत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सुनेने सरळ लिहिलं होतं: तुम्ही दोघं आनंदाने या, चंपाला मात्र आणू नका. काका म्हणाले, बरोबरच लिहिलं तिने. पण मग चंपाचं काय? प्राणिसंग्रहालयवाल्यांनी हो म्हटलं होतं, ते काकांनाच पटेना; चिमट्याने भरवायला दर पंधरा दिवसांनी तासभर कोण बसणार? काकांनी जुने उमेदवार पुन्हा तपासले. एकाने दोराचा झोका केला होता, एकाकडे त्यावर कपडे वाळत होते. काका संध्याकाळी पडवीत चंपासमोर मोड्यावर बसून राहत. काकू एरवी चंपाचा उद्धार करणाऱ्या, त्याही मला हळूच म्हणाल्या, "सूनबाई, हे खात नाही धड. तिच्यापायी जाईन हा माणूस." मला फार वाईट वाटलं, पण आपण काय करणार, असंही वाटलं.

एका सकाळी मी धुणं वाळत घालत होते आणि काका मेंदीच्या फटीतून आमच्या अंगणात आले. हातात आरसा. "तपासणी," ते म्हणाले.

"कशाची?"

"शिरीधरनं दोर नेलता ना माह्याकडून. राहिलीच होती."

मला हसू आलं, मग लाज वाटली, कारण पडवीत पसारा होता. काका उकिडवे बसले. पेटीखाली आरसा धरला. कडी दोनदा लावून काढून बघितली. वाटीत बोट बुडवलं आणि ते बोट नाकाशी नेलं, पाणी आजचं की कालचं ते बघायला. मग वह्यांकडे हात गेला आणि मी चटकन पुढे झाले.

"काका, त्या नका वाचू."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग वही उघडली आणि डाव्या हाताचा पंजा पानाच्या उजव्या बाजूवर आडवा ठेवला, तारीख आणि पहिले दोन शब्द उघडे राहतील असा. तसाच पंजा सरकवत त्यांनी चारही वह्या पानापानाने बघितल्या. माझ्या धुण्याचं पाणी ओघळून पायावर येत होतं. वर्ध्याच्या नोंदीपाशी पहिले दोन शब्द वेगळे होते, तेव्हा त्यांनी माझी परवानगी घेऊन ती ओळ पूर्ण वाचली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

मग उभे राहिले. खिशातून खडू काढला. पेटीकडे बघत तो बोटांत फिरवला आणि पुन्हा खिशात ठेवला.

मला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा मी मागे सरले. "काका, मला साप बघूनच भीती वाटते. मला नकोय अजगर. ह्यांना हवा होता."

"ज्याले पाह्यजे त्याले दिला असता तर सरदारजीनं तिच्यानं ट्रक ओढला असता," काका म्हणाले. "भीती राहू दे. भीती असली की कडी नीट लागते."

मी नाही म्हणू शकले असते. श्रीधरनी तर रात्रीच्या जेवणात तीन वेळा सांगितलं की अजिबात नाही म्हण. पण तीन महिन्यांत क्वार्टर रिकामं होणार होतं आणि त्या माणसाचं जेवण तुटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत माझी कामगिरी कुणी तपासलीच नव्हती, ना सासरी ना इथे. एका माणसाने तपासली आणि फुली मारली नाही. मी हो म्हटलं.

कागद माझ्या नावावर करायला आम्ही दुर्गला गेलो. तिथल्या बाबूंनी चष्म्यावरून मला बघितलं. "मैडम को अनुभव है?"

"तीन साल," काका म्हणाले.

"कितना बड़ा था?"

"आठ फीट."

"खाना-पीना?"

"बहुत कम."

"कभी काटा तो नहीं?"

"कभी नहीं," काका म्हणाले, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. रेंजर शेजारच्या टेबलावर होता, त्याला सगळं माहीत होतं. त्याने फाइलमध्ये तोंड घातलं आणि त्याचे खांदे हलत होते.

पुढचे अडीच महिने काकांनी मला शिकवलं. चंपाचे डोळे निळसर, दुधाळ झाले की ती कात टाकणार. तेव्हा छेडायचं नाही. थंडीत ती महिना महिना खात नाही. घाबरायचं नाही, उबेला दिवा लावायचा. पहिल्यांदा चिमटा माझ्या हातात दिला तेव्हा तो इतका थरथरत होता की चंपाचा नेम वाकड्या जबड्याने चुकला आणि माझ्या थरथरण्याने जुळला. काका मागे भिंतीला टेकून उभे होते, हात खिशात. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. मी वळून बघितलं तर डोळे पुसत होते. मग म्हणाले, "आता दोन दिवस हात नको लावू."

जायच्या दिवशी दुर्ग स्टेशनवर अर्धी टाऊनशिप आली होती. सरदारजी हार घेऊन आले होते. गाडी लागली तेव्हा काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "माहा दोर दे ना परत. तुले आता काय कामाचा." तो मी सकाळीच पिशवीत घालून आणला होता; मागतील असं का वाटलं होतं कोण जाणे. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

दोन वर्षांनी भाच्याच्या मुंजीसाठी नागपूरला गेले तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. काका जरा वाकले होते, ऐकूही कमी येत होतं. मला बघताच त्यांनी पहिलं विचारलं, "पाणी?"

"बदलून आलेय. चार दिवस श्रीधर घालतील. आता ते खरंच घालतात."

काका समाधानाने मान हलवून मला हात धरून गॅलरीत घेऊन गेले. तिथे सुनेच्या कुंड्यांच्या मधे एक पेटी होती, कडी लावलेली. मी खाली बसले. आत दोर वेटोळं करून पडला होता, वाटी काठोकाठ भरलेली. वही होती. मी पहिलं पान उघडलं, उजव्या बाजूवर पंजा ठेवला आणि बघत गेले. तारीख, काही नाही. तारीख, काही नाही. शेवटी शेवटी अक्षर इतकं कापरं होतं की वाचायला वेळ लागत होता. पंजाखाली ओळी पुढेही जात होत्या, लांब लांब. मी वाचल्या नाहीत.

काका माझ्या डोक्याशी उभे होते. "मंग?" त्यांनी विचारलं, आणि मला दिसलं की ते खरोखर वाट बघताहेत.

मी उठले. त्यांच्या शर्टाचा खिसा अजून कोपऱ्याला पांढराच होता. मी त्यातून खडू काढला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला.